पलटा आणि कात्री

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं पायांत घुंगरू बांधून ‘ता थेई थेई तत्’ गिरवूं लागलेली शिक्षिका ही आपल्या शाळेंत कांहीं काळ विनोदाचा विषय झाली होती, हें मला ठाऊक आहे. ज्या मुलांना मी मराठी आणि इतिहास शिकवितें, त्यांतील कित्येकांनीं नृत्यवर्गाच्या खिडकींतून माझी त्रेधा पाहिली आहे. माझ्या गुरु, ज्यांना मी ताई म्हणतें, त्या वयानें माझ्याहून पंधरा वर्षांनीं लहान आहेत, ह्याचीहि मुलांना मोठी मौज वाटते. त्यांनीं खुशाल हंसावें. मला त्याचा राग नाहीं. परंतु शिक्षिकेनें ह्या वयांत पुन्हां विद्यार्थिनी कां व्हावें, ह्याचें कारण मात्र विनोदाचें नाहीं. तें आज प्रथमच ह्या पानांतून सांगत आहें.

दोन वर्षांपूर्वींच्या स्नेहसंमेलनांत आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें कथकांतील गतभाव सादर केला. विषय होता द्रौपदीवस्त्रहरणाचा. सुमारें सात मिनिटें ती रंगमंचावर एकटीच होती. सोबतीला दुसरें पात्र नाहीं, पडदा नाहीं, सामानसुमान नाहीं. मी विंगेंत उभी होतें आणि माझ्या हातांत मोबाइल होता. नृत्यांतलें मला कांहीं कळत नव्हतें. पण एका क्षणीं तिच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो इतका ठसठशीत होता कीं, कॅमेऱ्यानें तिचा चेहरा जवळ ओढून मीं तेवढाच टिपला. तो तुकडा अकरा सेकंदांचा निघाला. त्याच रात्रीं, ‘आपल्या शाळेचें भूषण’ असे शब्द वर लिहून, मीं तो पालकांच्या मोबाइलवरील समूहावर पाठवून दिला आणि समाधानानें निजलें.

सकाळ होते न होते तोंच तो तुकडा पालकांकडून मुलांकडे पोंचला होता. कोणीतरी त्याला खदखदून हंसण्याचा आवाज जोडला. कोणी तो न थांबतां पुनःपुन्हां फिरत राहील असा केला. विस्फारलेले डोळे, वांकडें हास्य आणि कांहींतरी खेंचणारा हात, एवढेंच त्यांत होतें. सोमवारच्या मधल्या सुटींत त्या मुलीला ‘दुःशासन’ हें नांव पडलें, आणि महिना उलटण्यापूर्वीं तिनें नृत्यवर्ग सोडला.

तिची आई मला भेटावयास आली. तिनें आवाज चढविला असता तर मला एकपरी बरें वाटलें असतें. ती एवढेंच म्हणाली, “बाई, तुम्हीं चांगल्या मनानेंच पाठविलेंत, हें मला समजतें. पण तिला विचारलें होतें का?” दुसऱ्याच्या वस्तूस विचारल्यावांचून हात लावूं नये, हा धडा मीं वीस वर्षें मुलांना दिला आहे. एखाद्या मुलीचा चेहरा ही तिची स्वतःची वस्तु आहे, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानांत आली नव्हती.

मीं त्या मुलीची क्षमा मागितली. तिनें खालीं पाहूनच उत्तर दिलें, “बाई, मी नुसती दुःशासन नव्हतें. पलटा घेतल्यावर लगेच मी द्रौपदी झालें होतें. तें तुम्हीं घेतलेंच नाहीं.” पलटा म्हणजे काय, हें मला माहीत नव्हतें, आणि विचारण्याचें धैर्यहि त्या वेळीं झालें नाहीं. जें आपल्याला समजलेंच नव्हतें तें आपण कापलें, ही टोचणी मनाला लागून राहिली. आणि पुढल्याच आठवड्यांत मी ताईंच्या दारांत जाऊन उभी राहिलें.

पहिले कित्येक महिने तत्कारांतच गेले. सोळा मात्रांच्या त्रितालांत पाऊल समेवर पडावें, एवढ्याचसाठीं माझी सारी शक्ति खर्ची पडे. पुढें एके दिवशीं ताईंनीं पलटा दाखविला. ही गोष्ट दिसावयास अगदीं साधी आहे. नर्तकी एका पात्राचा भाव दाखवितां दाखवितां लयींत अंगाची एक वळसेदार फिरकी घेते, आणि समोर येते ती दुसरें पात्र होऊनच. वेष बदलत नाहीं, मुकुट चढत नाहीं, मिशा लागत नाहींत. बदलते ती मानेची उभारणी, नजर आणि पायांवरील भार. ओढणारा दुःशासन गिरकीसरशीं पदर सांवरणारी द्रौपदी होतो. पुढल्या पलट्यांत मान खालीं घातलेला युधिष्ठिर दिसतो. आणखी एका पलट्यांत वस्त्र पुरविणारा श्रीकृष्ण. क्रूरता, लज्जा, असहायता आणि करुणा एकाच देहांतून एकामागून एक जातात, आणि त्यांचा अर्थ लागतो तो त्यांच्या क्रमामुळें. दुःशासन जितका क्रूर दिसेल, तितकीच पुढल्या क्षणींची द्रौपदी प्रेक्षकांच्या काळजाला भिडते. म्हणजे त्या मुलीचें तें वांकडें हास्य हा तिच्या कलेचा दोष नव्हता, तिचा पराक्रम होता. आणि मीं त्याचा पुढचा अर्धा भाग तोडून टाकला होता.

हें ऐकतांना मला इतिहासाच्या तासाला सांगितलेली एक गोष्ट एकाएकीं आठवली. दादासाहेब फाळके ह्यांनीं सन १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईंत दाखविला. त्या काळीं चित्रपटांत काम करावयास स्त्रिया मिळेनात, म्हणून त्यांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केली. सन १९१७ च्या ‘लंकादहन’ ह्या चित्रपटांत तर ह्याच साळुंक्यांनीं राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. कथकांतली नर्तकी जें काम एका गिरकींत करते, तेंच येथें फीत कापून व जोडून साधलें. इकडे राम, तिकडे सीता. मधली फिरकी कात्रीनें घेतली, इतकेंच.

सन १९२० च्या सुमारास रशियांतील लेव कुलेशोव ह्या दिग्दर्शकानें ह्या कात्रीचें सामर्थ्य पारखून पाहिलें. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचें एकच चित्र घेऊन त्यानें तें एकदां सूपाच्या थाळीशेजारीं आणि एकदां शवपेटीशेजारीं जोडलें. पाहणारांना त्याच चेहऱ्यावर एकदां भूक दिसली आणि एकदां शोक दिसला, असें सांगतात. चेहरा जराहि बदलला नव्हता. बदलला होता शेजार. माझ्या अकरा सेकंदांना कोणीतरी हंसण्याचा शेजार दिला, आणि एका गुणी मुलीची थट्टा झाली. कुलेशोवाचा प्रयोग आपल्या शाळेच्या अंगणांत झाला होता, आणि त्याचें साहित्य मीं पुरविलें होतें.

आणखी एक गोष्ट मला स्वतः नाचल्यावांचून कळली नसती. रंगमंचावरचा अभिनय सभागृहांतील शेवटच्या बांकावर बसलेल्या माणसापर्यंत पोंचावा लागतो, म्हणून भुंवई अधिक उचलावी लागते आणि ओंठ अधिक वळवावे लागतात. तोच चेहरा कॅमेऱ्यानें वीतभर अंतरावर आणला म्हणजे तो विपरीत दिसूं लागतो. ताईंनीं माझ्याच सरावाची चित्रफीत मला दाखविली, तेव्हां आरशांत बरी दिसणारी मी त्या पडद्यावर एखाद्या रागावलेल्या मांजरासारखी दिसलें. मी हंसलें, कारण तेथें आम्ही दोघीच होतों. तें चित्र साऱ्या गांवांत फिरलें असतें तर मला हंसूं आलें असतें काय?

पलटा आणि कात्री ह्या अशा सख्ख्या बहिणी आहेत. दोघीहि एक क्षण दुसऱ्याशेजारीं ठेवून अर्थ निर्माण करतात. दोघीहि प्रेक्षकाची नजर आपल्याला हवी तेथें नेतात. भेद एकच, पण फार मोठा. पलटा ज्याचा त्याच्या अंगांत असतो. कात्री बहुधा दुसऱ्याच्या हातांत असते. म्हणूनच उदयशंकर ह्यांच्यासारख्या थोर नर्तकानें सन १९४८ मध्यें ‘कल्पना’ हा नृत्यमय चित्रपट काढतांना दिग्दर्शनहि स्वतःकडेच ठेवलें, ह्याचें महत्त्व मला आतां समजतें. आणि सत्यजित राय ह्यांनीं सन १९७६ मध्यें भरतनाट्यमच्या विख्यात नर्तकी बालसरस्वती ह्यांच्यावर ‘बाला’ हा माहितीपट काढला, तेव्हां जोडकामांत निष्णात असलेल्या त्या दिग्दर्शकानें त्यांच्या नृत्याला पुरेसा अवकाश दिला. कोठें कापावें हें ज्याला कळतें, त्याला कोठें हात आंवरावा हेंहि कळतें.

गेल्या ऑगस्ट महिन्यांत ती मुलगी, जी आतां दहावींत आहे, आपण होऊन माझ्याकडे आली. नववीच्या वर्गाला बातमी आणि चित्रफीत कशी तपासावी हें मी शिकवीत असल्याचें तिनें ऐकलें होतें. ती म्हणाली, “बाई, माझाच नाच घ्या. पण सगळा घ्या.” तिच्या आईची संमति घेऊन आम्हीं एका शनिवारीं वर्गांतील बांकें भिंतीला लावलीं. कॅमेरा कोठें ठेवावयाचा हें तिनें ठरविलें. तो दूर, तिचीं पावलेंहि दिसतील असा ठेवला. तिनें संपूर्ण गतभाव केला. मग नववीच्या मुलांचे चार गट करून, त्या चित्रफितींतून प्रत्येकानें दहा सेकंदांचा एकेक तुकडा काढावा, असें तिनेंच सांगितलें.

एका गटाच्या तुकड्यांत ती दुष्ट दिसली, दुसऱ्याच्या तुकड्यांत दीन, तिसऱ्याच्या तुकड्यांत भेकड, चौथ्याच्या तुकड्यांत दयाळु. मुलें आधीं हंसलीं. नंतर तिनें सबंध नृत्य त्यांना दाखविलें. तें संपल्यावर वर्गांत कोणी बोलेना. शेवटीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “ताई, तें नांव मीहि हाक मारून घेतलें होतें.” ती फक्त “बरें” म्हणाली. तास संपल्यावर चारहि तुकडे तिनें आपल्या हातानें पुसून टाकले आणि सबंध नृत्य तेवढें ठेवलें. रंगमंचावर ती अद्याप परतलेली नाहीं. परतावें कीं नाहीं, हें तिचें तिनें ठरवावयाचें आहे; त्याविषयीं मी तिला कांहीं विचारीत नाहीं.

कांहीं पालक मला विचारतात कीं, पुढें महाविद्यालयांत मुलीनें नृत्य घ्यावें कीं माध्यमशास्त्र घ्यावें. दोहोंचा एकमेकांशीं काय संबंध? माझें उत्तर असें आहे कीं, जी नृत्य शिकेल तिला एका क्षणाची किंमत कळेल, आणि जी माध्यमांचा अभ्यास करील तिला तो क्षण कोणीं, कोठून आणि कशासाठीं उचलला हें विचारतां येईल. पहिल्या विद्येवांचून दुसरी कोरडी राहते, आणि दुसरीवांचून पहिली असहाय होते. ज्यांना ह्यांपैकीं एकहि विषय घ्यावयाचा नाहीं, त्यांच्याहि खिशांत आज कॅमेरा आणि कात्री दोन्ही आहेत.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो आणि पालकहो, येत्या संमेलनांत मोबाइल वर उचलण्यापूर्वीं एवढें करा: जें चाललें आहे तें आधीं आपल्या डोळ्यांनीं सबंध पाहा, टिपावयाचें तर ज्याचें आहे त्याला विचारा, आणि पाठवावयाचें तर पुन्हां विचारा. ह्यास दोन मिनिटें लागतात. मीं तीं दिलीं नाहींत, आणि एका मुलीचीं दोन वर्षें गेलीं.

माझा स्वतःचा पलटा अजून डळमळतो. ताई म्हणतात कीं, मी वळतें खरी, पण वळल्यावरहि शिक्षिकाच राहतें. त्यांचें म्हणणें खरें आहे. दुसऱ्याच्या जागीं जाऊन उभें राहण्याची ही विद्या मी उशिरां शिकत आहें. पण शिकत आहें.