शहराचा पार

मुलांनो, तुमच्या गावात पार आहे का? वडाभोवती किंवा पिंपळाभोवती दगडी ओटा बांधलेला असतो ना, तोच पार. तिथं बसायला कुणी पैसे मागत नाही, की ‘तुझं इथं काय काम?’ असं विचारत नाही. एस.टी.ची वाट बघणारा तिथंच बसतो, म्हातारे आजोबाही बसतात, शाळा सुटल्यावर तुम्हीही दप्तर टाकून बसता. कुणाची म्हैस व्याली, कुणाची भातलावणी उरकली, कुणाच्या घरी आजारपण आहे, सगळं पारावर कळतं. म्हणजे पार दिसायला सावलीसाठी, पण गाव जोडायचं काम तो गुपचूप करत असतो.

मग शहरात पार कुठं असतो? हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो चौथीतल्या एका मुलीनं. रविवारी पौडकडून येणाऱ्या गाड्या आमच्या कोळवणवरून हाडशीकडं, तिकोन्याकडं जातात. ते बघून तिनं विचारलं, ‘‘बाई, ही माणसं इतक्या लांब झाडं बघायला का येतात? त्यांच्याकडं नाहीत का?’’ सगळा वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला.

त्यांच्याकडं आहेत तर! पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, संभाजी उद्यान आहे, पर्वती आणि वेताळ टेकडी आहे. सारसबागेच्या जागी तर पूर्वी तळं होतं. तिथल्या गणपतीला अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, ते त्यामुळंच. पण या बागांचा उपयोग नुसता झाडं बघायला होतो का?

आमच्या खोऱ्यातलं एक कुटुंब कामधंद्यासाठी पुण्याला गेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्या घरातल्या आजी गौरी-गणपतीला गावी आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, ‘‘बाई, पयलं चार महिनं लई वंगाळ गेलं. शेजारच्या दारावर पाटी हाय, पन मानूस दिसत न्हाय. परत गावाला सोडा, म्हनून मी लेकाच्या मागं लागले व्हते.’’

मग नातू त्यांना संध्याकाळी जवळच्या बागेत नेऊ लागला. एका बाकावर भोरकडच्या एक आजी बसायच्या, दुसऱ्या मावळातल्या. पहिले काही दिवस नुसतं बघणं, मग हसणं, मग ‘गाव कुठलं?’ आणि मग काय, भाताच्या लावणीपासून गुडघेदुखीपर्यंत गप्पा! एकदा आजी तापानं दोन दिवस गेल्या नाहीत, तर त्या दोघी घर शोधत आल्या. आडनाव कुणाला ठाऊक? ‘कोळवणच्या आजी कुठं राहतात?’ असं विचारत विचारत त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. नातवाचं तर याहून लवकर जमलं. दुसऱ्या मुलांचा चेंडू त्याच्याकडं आला, त्यानं तो परत फेकला आणि तिकडून हाक आली, ‘‘खेळतोस का?’’

असं बागेतच का होतं, सांगू? कुणाच्या घरी जायला ओळख लागते. हॉटेलात बसायला पैसे लागतात. रस्त्यावर प्रत्येकाला घाई असते. बागेत मात्र काहीही न करता बसता येतं आणि रोज तेच चेहरे दिसतात. रोज दिसणारा माणूस फार दिवस परका राहत नाही.

मुंबईचं शिवाजी पार्क घ्या. १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदानात रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडवलं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण मैदानाभोवतीचा तो बुटका कट्टा! किलोमीटरहून थोडा लांब. त्यावर शाळकरी पोरं, नोकरीवरून परतणारे, आजी-आजोबा सगळे एका ओळीत बसतात. मुंबईकरांचा पारच तो!

आणखी एक गंमत. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आधी ते विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले! मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. आज देशोदेशी असे क्लब आहेत.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात अभ्यासकांनी याची परीक्षाच घेतली. तिथं गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या सरकारी इमारती होत्या. काहींच्या भोवती झाडं-हिरवळ होती, काहींच्या भोवती नुसतं सिमेंट. कुठलं घर मिळेल हे लोकांच्या हातात नव्हतं. फ्रान्सेस कुओ, विल्यम सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५ रहिवाशांकडून माहिती घेतली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. हिरवळीजवळ राहणारे शेजाऱ्यांना जास्त ओळखत होते, अडीनडीला एकमेकांच्या जास्त उपयोगी पडत होते.

पण नुसती झाडं लावून भागत नाही बरं का! एकदा आमची सहल शहरातल्या एका बागेत गेली होती. मुलं हिरवळीवर डबे उघडणार, तोच रखवालदाराची शिट्टी वाजली. इथं बसू नका, तिथं पळू नका, चेंडू आत ठेवा! शेवटी आम्ही फाटकाबाहेर फुटपाथवर बसून जेवलो. हिरवळ सुंदर होती, पण ती कुणाची होती? जिथं बसायचीच बंदी, तिथं मैत्री कशी होणार?

आणि जिथं माणसं रोज भेटतात, तिथं ती एकमेकांसाठी आणि त्या जागेसाठीही उभी राहतात. बालभारतीपासून पौड फाट्याकडं वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याची योजना होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. सकाळी फिरायला येणारे, पक्षी बघणारे, कुत्र्यांना फिरवणारे, सगळे त्यात होते. रस्ता हवा असं म्हणणारेही आहेत. वाहनांच्या गर्दीत अडकलेल्यांचं दुःखही खोटं नाही. पण टेकडी गेली तर नुसती झाडं जाणार नाहीत, सकाळचे नमस्कारही जातील, हे आपण विसरू नये.

खेड्यातल्या मुलांनी ‘आपल्याकडं काय, रानच रान’ असं म्हणून निर्धास्त राहू नये. आमच्या मुळशी तालुक्यातही आता जमिनींना कुंपणं पडत आहेत. कालची पायवाट आज फाटकाआड गेलेली दिसते. झाड कुंपणाआडही हिरवंच राहतं, पण त्याच्या सावलीत कोण बसणार, हे मग मालक ठरवतो. सगळ्यांची म्हणून जी जागा आहे, पार असो, मैदान असो की बाग, ती सगळ्यांनीच राखायला हवी.

तर मुलांनो, एक काम करा. आजपासून आठवडाभर रोज संध्याकाळी जवळच्या बागेत, मैदानात किंवा पारावर जा. आई-बाबांनाही ओढून न्या. त्यांना वेळ नसतोच, तरी न्या! रोज दिसणारे पण नाव माहीत नसलेले चेहरे मोजा. त्यातल्या एका तरी मुलाला त्याचं नाव विचारा आणि आपलं सांगा. तुमच्या इथं अशी जागाच नसेल, तर ती का नाही, हे मोठ्या माणसांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.