आकाशमार्गाचे ओझे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले व आपले चिमुकले विमान त्यांनी मुंबईस जुहू येथे उतरविले. विमानाचा एक नियम तेव्हाही होता, आजही आहे : ओझे वाढले की इंधन अधिक लागते. म्हणूनच देशांतर्गत विमानप्रवासात सामान्यतः १५ किलो सामान आणि हातात ७ किलोंची पिशवी एवढेच विनामूल्य नेता येते. त्यावरील वजनास जादा पैसे मोजावे लागतात. सुज्ञ प्रवासी सामान घरीच काट्यावर तोलतो. लोणच्याची बरणी घ्यावी की पुस्तके, हे घरी ठरविणे सोपे; विमानतळावरील रांगेत तेच अवघड होते. जो नेमके तेवढेच घेतो आणि दोन तास आधी पोहोचतो, त्याचा पैसा वाचतो, धावपळ टळते, आणि खिडकीतून ढग पाहावयास मनही मोकळे राहते.