मॅक्लाउडांच्या गावी

धरमशाळेच्या वरच्या मॅक्लिओडगंजला मी तीनदा राहून आलो. पहाटेच्या धुक्यात जपाची माळ ओढत प्रदक्षिणा घालणाऱ्या तिबेटी आज्या पाहिल्या, तव्यासारखी जाड भाकरी लोण्याच्या चहात बुडवून खाल्ली. पण हा मॅक्लिओड कोण, हे विचारायचं सुचलं नाही. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर डोनाल्ड मॅक्लाउड यांच्या नावाला आपल्याकडचं ‘गंज’ जोडलं गेलं, हे पुढे वाचनात आलं. साहेबांचा जन्म कलकत्त्याचा. आडनावाचं मूळ मात्र स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, समुद्रापलीकडच्या बेटांवर. तेव्हापासून ती बेटं पाहायची ओढ लागली.

जूनमध्ये ग्लासगोहून बस धरली. ग्लेन्कोची दरी मागे पडली आणि संध्याकाळी 1995 साली बांधलेल्या पुलावरून आम्ही स्काय बेटावर उतरलो. डनव्हेगनला मुक्काम होता. घरमालकीणबाईंनी आधी माझा उच्चार सुधारला. ‘मॅक्लिओड’ नव्हे, ‘मक्लाउड’. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. लिओड नावाचा तेराव्या शतकातला पुरुष हा मूळपुरुष, आणि त्याचं नाव नॉर्स वळणाचं. टॉर्मॉड आणि टॉर्क्विल या दोन मुलांपासून घराण्याच्या दोन शाखा मानतात, हॅरिस-डनव्हेगनची एक आणि लुईसची दुसरी.

सकाळी खिडकी उघडली आणि मी दचकलोच. समोर दोन डोंगर, माथे रंधा मारल्यासारखे सपाट. पाचगणीचं टेबललँड इथे कुणी आणून ठेवलं? इथल्यांनीही त्यांना ‘मॅक्लाउडची टेबलं’च म्हटलंय. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे डोंगर सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. दोन्हीकडे तोच काळा बसाल्ट. त्या दगडाला हात लावल्यावर परदेशात असल्यासारखं वाटेना.

डनव्हेगनचा किल्ला थेट समुद्राच्या खाडीवर उभा आहे. आतल्या दालनात काचेमागे परीध्वज आहे. जीर्ण, विरलेला रेशमी कापडाचा तुकडा. परीनं दिलेला, संकटात फडकवला तर कुळाला तारणारा, अशी श्रद्धा. आपल्याकडे देवघरातल्या टाकांपुढे उभं राहतात, तसे लोक त्याच्यापुढे उभे होते. मीही राहिलो.

पण मला अडवलं ते कुळाच्या दोन प्रमुखांच्या गोष्टींनी. दोघांचंही नाव नॉर्मन. पहिला अठराव्या शतकातला. 1739 मध्ये शेजारच्या मॅकडोनाल्ड प्रमुखाच्या साथीनं स्काय आणि हॅरिसमधली शंभरच्या आसपास माणसं अमेरिकेतल्या वसाहतींत वेठीला विकण्यासाठी जहाजात भरली गेली, त्या कटात याचं नाव गोवलं गेलं. जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं आणि माणसं निसटली. दुसरा शंभर वर्षांनंतरचा. 1846 मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, तेव्हा यानं हजारोंना धान्य पुरवलं, त्यात स्वतः कर्जात बुडाला, किल्ला भाड्यानं दिला आणि लंडनला जाऊन सरकारी कचेरीत कारकुनी पत्करली. तसबिरीतल्या त्याच्या चेहऱ्यापुढे मी बराच वेळ थांबलो.

उपासमार, वाढता खंड, मेंढ्यांसाठी उठवलेली गावं. माणसं गेली आणि जाताना आडनाव घेऊन गेली. स्कॉटलंडमधल्याच असिंटचे पाद्री नॉर्मन मॅक्लाउड आपल्या अनुयायांसह 1817 मध्ये नोव्हा स्कोशियाला गेले. सत्तरी गाठल्यावर 1851 मध्ये पुन्हा जहाजात बसले, ऑस्ट्रेलियाला, तिथून न्यूझीलंडच्या वायपूला. मागोमाग जहाजांमागून जहाजं भरून आठशेवर माणसं तिथे पोचली. कॅनडात 1874 मध्ये फोर्ट मॅक्लाउड वसलं. ज्यांच्या नावानं ते वसलं ते जेम्स मॅक्लाउड स्कायमध्येच जन्मलेले, आणि ‘कॅल्गरी’ हे नाव त्यांनीच स्कॉटलंडच्या मल बेटावरून तिकडे नेलं.

आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. अमुक गावचा तो अमुककर. इथे उलट घडलं. घर गेलं, जमीन गेली, आणि आडनावावरून जगभर गावं पडली. त्यातल्याच एकात, मॅक्लिओडगंजला, 1960 मध्ये दलाई लामा येऊन राहिले. तिथे देश सुटलेल्या माणसांना आसरा मिळाला, तो अशा नावाखाली. हे मला त्या तीन मुक्कामांत उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किलमुरच्या जुन्या, छप्पर नसलेल्या देवळाच्या आवारात गेलो. प्रमुखांची दफनभूमी. वारा भन्नाट, गवत भिजलेलं. एक वृद्ध गृहस्थ वाकून दगडावरची अक्षरं बोटांनी वाचत होते. कॅनडातल्या केप ब्रेटनचे, सहा पिढ्यांपूर्वी गेलेल्यांचे वंशज. आपला नेमका कोणता दगड ते त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांवर तेच आडनाव. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर शोधलं.

मग त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं, आणि शेवटच्या ‘कर’चा अर्थही. ते म्हणाले, “मग तुम्ही त्या गावाला जाऊन आला असाल.”

पणजोबांनी ते गाव सोडलं, त्यानंतर आमच्यातलं कुणी तिकडे गेलेलं नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दगडाकडे वळले.