सिडनीच्या बंदरात नाताळचं जेवण

नाताळच्या दिवशी सिडनीत दुकानं बंद आणि रस्ते ओस असतात. गर्दी असते ती चर्चमध्ये, समुद्रकिनाऱ्यावर आणि बोटींच्या धक्क्यावर. डार्लिंग हार्बरला किंग स्ट्रीटच्या धक्क्यावर अकराच्या सुमारास माणसं जमू लागतात. फुलाफुलांचे झगे, सुती शर्ट, आजोबांच्या डोक्यावर सांताची लाल टोपी आणि नाकावर सनस्क्रीनचा पांढरा थर. वर्षातला सर्वांत मोठा दिवस इथे २१-२२ डिसेंबरला येतो, म्हणून नाताळला रात्री आठपर्यंत उजेड राहतो. आई वसईहून आली होती. तिला बंदर दाखवायचं आणि सणाच्या दिवशी घरी कुणी स्वयंपाक करायचा नाही, एवढ्यासाठी आम्ही बोटीवरचं जेवण ठरवलं.

*

प्रत्येक ताटाशेजारी चकचकीत कागदाची एक गुंडाळी असते. इथे तिला बॉनबॉन म्हणतात. दोन टोकं दोघांनी धरून ओढायची. ‘फट्’ होतं आणि आतून कागदी मुकुट, एखादं खेळणं आणि चिठ्ठीवरचा विनोद पडतो. मुकुट घालायचाच. वकील असो, सुतार असो, सगळे जेवणभर तो घालून बसतात. आईने अंबाड्यावर हिरवा मुकुट चढवला आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. भाषा एकमेकींची येत नव्हती. पुढे तासभर त्या दोघी खुणांनी नातवंडांबद्दल बोलत होत्या, आणि सगळं कळतही होतं.

*

जेवणात दोन जेवणं आहेत. एक इंग्लंडहून आलेलं: मध लावून भाजलेलं हॅम, टर्की, भाजलेले बटाटे, शेवटी कस्टर्ड ओतलेलं पुडिंग. बर्फाळ डिसेंबरासाठी घडलेलं हे जेवण इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या घाम पुसत खात आले. दुसरं इथल्या हवेने घडवलेलं: बर्फावर मांडलेली उकडलेली कोलंबी, लिंबू पिळायची कालवं, पावलोव्हावर रचलेल्या चेरी. माझं मत विचाराल तर सण या थंड ताटात आहे. कोलंबी सालासकट येते. सुरी-काटे बाजूला पडतात आणि सगळी माणसं बोटांनी सोलत, चोखत, गप्पा मारत खातात.

सिडनीच्या मासळी बाजारात नाताळच्या आधी सलग ३६ तास विक्री चालते, २३ तारखेच्या पहाटेपासून २४च्या संध्याकाळपर्यंत. पहाटे तीन वाजता लोक झोपाळू पोरांना घेऊन कोलंबीच्या रांगेत उभे असतात.

*

आईने पहिली कोलंबी सोलली, चव घेतली, आणि खिडकीबाहेरच्या पाण्याकडे बोट करून विचारलं, “ही इथलीच का गं?”

वसईत वाढलेल्या बाईचा हा पहिलाच प्रश्न असणार. वाढणारा मुलगा काठमांडूचा, इथे शिकायला आलेला. त्याने हिंदीत सांगितलं, “नहीं माँजी, क्वीन्सलँड की है।” आईला ते पटेना. एवढं पाणी समोर असताना कोलंबी दुसऱ्या राज्यातून का आणायची?

*

त्याचं उत्तर जड आहे आणि मला ते जेवताना द्यावं लागलं. या बंदरातली कोलंबी विकायला बंदी आहे. जानेवारी २००६मध्ये इथली व्यावसायिक मासेमारी थांबवण्यात आली, कारण कोलंबीत आणि माशांत डायऑक्सिन हे विष मर्यादेच्या कितीतरी वर सापडलं. विषाचं मूळ पश्चिमेला, पॅरामाटा नदीच्या होमबुश उपसागराकाठी. तिथे ऱ्होड्सला रासायनिक कारखाने होते. तणनाशकं बनायची आणि कारखान्याचा टाकाऊ माल भरावात आणि गाळात जायचा. त्यातल्या कंपनीचं नाव ऐकून आईचा हात थांबला: युनियन कार्बाइड. भोपाळवाली, तीच.

गाळ पुष्कळसा साफ झाला आहे, पण डायऑक्सिन लवकर नष्ट होत नाही. हौसेने गळ टाकणाऱ्यांना सरकारी सल्ला आजही असा: हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा खाऊच नका, पूर्वेकडचा महिन्याला साधारण १५० ग्रॅमच्या वर नको. १५० ग्रॅम म्हणजे आपल्या घरातली एका माणसाची एक वेळ.

*

बोट पुलाखालून जाते तेव्हा सगळे वर बघतात. कमान ५०३ मीटरची, उद्घाटन १९ मार्च १९३२. खालून बघताना रिव्हेटांची दाटी जाणवते. साठ लाखांच्या आसपास रिव्हेट हातांनी ठोकलेले आहेत. महामंदीच्या काळात या पुलाने हजारो घरांची चूल पेटती ठेवली, म्हणून म्हाताऱ्या सिडनीकरांना तो नुसता देखणा वाटत नाही, आपला वाटतो.

*

या बंदरात होडीत बसून जेवणं ही फार जुनी रीत आहे. बोटीवरच्या ध्वनिक्षेपकातून पुलाची, ऑपेरा हाउसची आणि काठावरच्या बंगल्यांच्या किमतींची माहिती मिळाली, पण ही नाही. म्हणून ती इथे सविस्तर लिहून ठेवते.

गोऱ्यांची पहिली जहाजं २६ जानेवारी १७८८ला सिडनी कोव्हमध्ये लागली. तेव्हा हे पाणी बायकांच्या ताब्यात होतं. गॅडिगल, कॅमेरेगल अशा इथल्या कुळांत पुरुष खडकांवर उभे राहून टोकेरी भाल्याने मासे मारत आणि बायका होडीत बसून गळाने धरत. होडी म्हणजे झाडाची एक लांब साल, दोन्ही टोकं चुण्या घालून वेलीने बांधलेली. काठ पाण्याच्या जेमतेम वर. गळ शंखाचा, घासून घासून चंद्रकोरीसारखा केलेला. दोरी सालीच्या धाग्यांची, मांडीवर वळलेली. शिंपल्यांतलं मांस चावून बाई ते पाण्यात थुंकायची, त्या वासाला मासे जमत. तान्हं मूल मांडीवर किंवा खांद्यावर, आणि तोंडाने गाणं चालू.

आणि होडीच्या मध्यभागी, मातीच्या थरावर, विस्तव. मासा गळाला लागला की तिथेच भाजायचा, पोरांना भरवायचा, स्वतः खायचा, उरलेला काठावर न्यायचा. रात्री पाण्यावर हे विस्तव हलताना दिसत, असं जहाजांवरच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. भरल्या लाटांतून या बायका अशा होड्या सहज काढतात याचं त्या कसलेल्या दर्यावर्दींनाही नवल वाटत होतं.

आईला हे सांगितलं तेव्हा तिला वसईच्या पाचूबंदरच्या कोळणी आठवल्या. “मासळीचा हिशेब बाईच्या हातात असला की घरात तिचा शब्द चालतो,” ती म्हणाली.

*

तसाच शब्द बारंगारूचा चालत होता. ती कॅमेरेगल बाई, बेनेलाँगची बायको. ज्याच्या नावाच्या टोकावर आज ऑपेरा हाउस आहे तो हा बेनेलाँग. त्याने इंग्रजी कोट घातला, नव्या वसाहतीच्या गव्हर्नर फिलिपबरोबर पंगतीला बसला. बारंगारूने कपडे नाकारले. गव्हर्नरच्या घरी जेवायलाही ती आपल्याच रीतीने गेली, अंगावर दागिना म्हणून नाकातलं हाड.

१७९०मध्ये वसाहतीच्या लोकांनी मोठी जाळी लावून एका दिवसात ४०००च्या आसपास मासे ओढले आणि त्यातले काही बेनेलाँगच्या मंडळींना भेट म्हणून पाठवले. ग्रेस कार्स्केन्स या इतिहासकार बाईंनी या प्रसंगाकडे बारंगारूच्या नजरेने पाहिलं आहे. जिच्या हातच्या गळावर कुळ जेवतं तिच्या दारात, पुरुषांनी पकडलेल्या माशांचा ढीग पुरुषांच्या हातात द्यायचा, यात तिचं काय उरलं? मला हे वाचन पटतं. फिलिपने ती भेट चांगल्या मनाने दिली असेल. त्या वर्षी वसाहतीत स्वतःचीच उपासमार चालू होती, शिधा कापला गेला होता, इंग्लंडहून येणाऱ्या पिठाकडे आणि खारवलेल्या मांसाकडे सगळे डोळे लावून बसले होते. पण पाणी कुणाचं, हे न विचारता दिलेली ती भेट होती.

त्याच्या आदल्या वर्षी, १७८९मध्ये, देवी आल्या. निम्मी माणसं गेली असं बेनेलाँगने फिलिपला सांगितलं. खाडीखाडीत प्रेतं पडली होती. बारंगारू १७९१मध्ये गेली. तरीही बायकांच्या होड्या पुढच्या शतकातही या पाण्यावर दिसत राहिल्या. एवढं सोसून त्या मासेमारीला निघत होत्या, हे मला पुलाच्या लोखंडाहून मोठं वाटतं.

*

कालवांबद्दल. इथली कालवं लहान, कवच खडबडीत, चव समुद्राची आणि किंचित धातूची. सिडनी रॉक ऑयस्टर. परदेशातून आलेलं पॅसिफिक कालव अंगाने मोठं, पण मी नेहमी छोटं उचलते. हजारो वर्षं लोकांनी काठावर बसून ही कालवं, शिंपल्या खाल्ल्या आणि शिंपांचे ढीग साठले. वसाहतीला घरं बांधायला चुनखडक मिळेना, तेव्हा हेच ढीग भट्टीत घालून त्यांचा चुना केला. बेनेलाँगच्या टोकावरचे ढीगही भाजले गेले. म्हणजे सिडनीच्या सुरुवातीच्या काही विटा त्या जुन्या जेवणांच्या चुन्याने जोडलेल्या आहेत. आज त्याच टोकावर, ऑपेरा हाउसचा वास्तुविशारद योर्न उत्सोन याच्या इमारतीवर, दहा लाखांहून जास्त फरश्या उन्हात चमकतात. पाण्यावरून बघताना त्या मला शिंपाच्या आतल्या भागासारख्या दिसतात. उत्सोन १९६६मध्ये भांडण होऊन देश सोडून गेला आणि पुरी झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही.

*

नाताळच्या दिवशी काम करणाऱ्यांना इथे पगार दुपटीहून जास्त मिळतो, कायद्याने. काठमांडूच्या मुलाने सांगितलं की या एका दिवसात फीच्या हप्त्याला चांगला हातभार लागतो. सुट्टीचा दिवस विकत घ्यायचा तर त्याची किंमत मोजावी, हे मला या देशात फार आवडतं. तिकीट महाग असतं ते काही अंशी यामुळे, आणि ते तसंच असावं. आईने त्याला पंचवीस वेळा “तू जेवलास का” विचारलं. तिसऱ्या फेरीला तो कबूल झाला की खाली खलाशांच्या खोलीत त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं आहे.

*

रशकटर्स उपसागरात उंच डोलकाठ्यांची दाटी. उद्या, २६ डिसेंबरला दुपारी एक वाजता, सिडनी ते होबार्ट शिडांची शर्यत सुटणार. १९४५पासून चालू आहे, अंतर ६२८ सागरी मैल. आज खलाशी घरच्यांबरोबर डेकवरच जेवत होते. १९९८च्या शर्यतीत वादळाने सहा जणांचा जीव घेतला. आमच्या बोटीवरून लोकांनी डेकवरच्या या खलाशांना हात केले, त्यांनी ग्लास उंचावले.

*

फळांत आंबा होता. डिसेंबरात! क्वीन्सलँडच्या बोवेनकडचा, केन्सिंग्टन प्राइड जातीचा. याचं मूळ झाड भारतात घोडे विकायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणलं असावं असं म्हणतात. आईने फोड तोंडात ठेवली, डोळे मिटले, मग निकाल दिला: “हापूस नाही. पण नातेवाईक आहे.” तिने आणखी दोन फोडी घेतल्या. वसईला शेजारच्या ख्रिस्ती बाई दर नाताळला फुग्या आणि इंद्याल पाठवायच्या. बोटीवरचा आंबा त्यांना दाखवायला तिने फोटो काढून ठेवला.

*

अडीचच्या सुमारास वारा फिरला. इथल्या उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा एकदम येतो आणि काही मिनिटांत पारा दहा अंश खाली आणतो. कागदी मुकुट डेकभर उडाले. मुलं ते पकडायला धावली आणि खलाशांनी एकही पाण्यात जाऊ दिला नाही.

*

पाणी सुधारतंय. बंदरात एक स्थानिक समुद्रघोडा आहे, व्हाइट्स सीहॉर्स. तो ज्यात राहतो ते समुद्रगवत आणि प्रवाळ कमी झालं म्हणून तो धोक्यात आला. मत्स्यशास्त्रज्ञांनी जाळीचे छोटे पिंजरे तळाशी ठेवले, त्यांवर शैवाल आणि जीव धरू दिले, आणि २०२०मध्ये मत्स्यालयात वाढवलेली पिल्लं क्लिफ्टन गार्डन्सला पाण्यात सोडली. ती तिथे टिकली, पुढे त्यांना पिल्लंही झाली. कोलंबीवरची बंदी उठायला किती काळ जाईल कोण जाणे, पण या पाण्यासाठी गुडघाभर चिखलात उभी राहणारी माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

*

कुणाला जायचं असेल तर: तिकीट ऑक्टोबरातच काढा. टोपी घ्या, डिसेंबरचं ऊन इथे फार भाजतं, ढगातूनही. पोटात जागा असेपर्यंत कोलंबी-कालवांवर भर द्या, टर्की पळून जात नाही. हलकं स्वेटर पिशवीत असू द्या. आणि उतरल्यावर लगेच ट्रेन पकडू नका. किंग स्ट्रीट धक्क्यावरून उत्तरेला काठाने चालत गेलं की बारंगारूच्या नावाचं उद्यान लागतं, २०१५मध्ये लोकांना खुलं झालेलं. जुन्या सिमेंटच्या गोदीच्या जागी पिवळसर वालुकाश्माच्या शिळा रचून काठ पुन्हा केला आहे, इथलीच झाडं लावली आहेत. सोबतच्या मुलांना तिथे बसवून सांगा ती कोण होती, आणि तिच्या होडीत विस्तव कुठे असायचा.