पेरलेलं दान

अकोट तालुक्यातली एक बाई माझ्या ओळखीची आहे. तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. एका प्रचारकाचं प्रवचन मोबाइलवर ऐकून तिने बियाण्यासाठी ठेवलेले पैसे दान म्हणून धाडले. देवाच्या कामात पेराल त्याच्या शंभरपट मिळेल, असं तो सांगत होता. मृगानंतर पावसाने ताण दिला, दुबार पेरणीची पाळी आली, आणि कृषी केंद्रातून उधारीवर पाकिटं आणावी लागली. ती कुणालाच बोल लावत नाही. "मायाच विश्वास कमी पडला असन," एवढंच म्हणते.

हे वाक्य ज्यांनी तिच्या तोंडी घातलं, त्यांचा मला संताप येतो. दान घ्यायचं देवाच्या नावाने, आणि पीक बुडालं की खोट काढायची देणाऱ्याच्या विश्वासात. 2017 साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातली कपाशी पोखरली, तेव्हा दशमांश देणाऱ्याची बोंडंही तशीच किडली. हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मंडपात बसवून विसरायला मात्र लावलं जातं.

पेरणी-कापणीचा तो दाखला पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला आहे. आठवा आणि नववा अध्याय सलग वाचला तर कळतं, की पैसे गोळा होत होते यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत असून सढळ हाताने देत होत्या. तसंच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचं. देव तुमची सगळी गरज पुरवील, हे आश्वासन पौलाने लिहिलं ते बंदिवासातून, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत पोचल्यावर. आपण उपासमारही सोसली आहे, हे तो जरा आधीच सांगून बसलाय. त्याचा देव त्याला पुरवत होता, पण ते पुरवणं गावोगावच्या गरिबांच्या हातून येत होतं, आणि कधी येतही नव्हतं.

दिलं की देव भरून देतो, या समजुतीची किंमत पंडिता रमाबाईंना कोवळ्या वयातच मोजावी लागली. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी, दैवत प्रसन्न होऊन धन देईल या आशेने, होतं नव्हतं ते दानधर्मात आणि तीर्थयात्रांत घातलं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. त्या घराची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण देवाला दिलं की देव बांधला जातो, ही समजूत जीवघेणी होती, आणि आज तीच समजूत येशूच्या नावाने विकली जाते.

पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवणाऱ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं आणि त्यांच्या विधवांच्या शाळेला बोस्टनच्या साहाय्यक मंडळाची दहा वर्षांची ठरलेली मदत 1898 मध्ये संपली तेव्हा केवळ प्रार्थनेच्या भरवशावर काम चालवायचं ठरवलं. सभांमधून आपल्याला एवढंच ऐकवतात. त्याआधीच, 1897 च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होत्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात विहिरी खणल्या, फळबागा लावल्या, मुलींना विणकाम आणि छापखान्याचं काम शिकवलं, हे कुणी सांगत नाही. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर 1924 साली बाहेर आलं, ते मुक्तीच्याच छापखान्यातून. रमाबाई 1922 मध्येच वारल्या होत्या. प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत, आणि पैसा आला तो स्वतःच्या नशिबाची पावती म्हणून त्यांनी कधी दाखवला नाही.

वऱ्हाडातही 1897 च्या त्याच दुष्काळात अलायन्स मिशनने अनाथ पोरं सांभाळली. अकोला-अमरावतीच्या मंडळ्यांना ही आठवण परकी नसावी. आपल्याकडे कापणीच्या सणाला अजून वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, संत्री, एखादी पाय बांधलेली कोंबडी मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. परवडत नसतानाही एखादा म्हातारा भोपळ्याची बोली चढवतो, कारण तो भोपळा ज्या घरातून आलाय त्या घरी यंदा बाकी काहीच पिकलं नाही, हे त्याला ठाऊक असतं. मला त्या बोलीत देवाचा हात जास्त स्पष्ट दिसतो.

म्हणून माझं पाळकांना एक मागणं आहे. जूनच्या पहिल्या रविवारचं दानार्पण मंडळीतल्या कोरडवाहू घरांच्या बियाण्यासाठी राखा, हिशेब दारावर लावा, आणि त्या दिवशी पौलाचे ते दोन्ही अध्याय अर्धवट न सोडता वाचा. अकोटच्या त्या बाईचं कृषी केंद्राची बाकी अजून फिटायची आहे.