लायसन्स सरकारचं, तास माझे

'विमान तेच ना बे? मग परत परीक्षा कशाला?'

सोलापुरात सुट्टीवर गेलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा शाळेतला मित्र असो, काका असो की सात रस्त्यावर चहा पिताना भेटलेला कुणी ओळखीचा. आणि खरं सांगू? प्रश्न अगदी रास्त आहे. भारतात मी एअरबस ए-३२० उडवत होतो, आज आखातातल्या एका कंपनीत तेच उडवतो. तेच कॉकपिट, त्याच जागी तीच बटणं. मी कुठल्या गावचा, हे इंजिनाला कळत नाही. तरीही एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमच्यापैकी कुणी हिंजवडीतून दुबईला गेलं, तर पहिल्या सोमवारी लॅपटॉप उघडायचा आणि कामाला लागायचं. तुमचं एक्सेल तिकडेही चालतं. माझं लायसन्स चालत नाही.

का चालत नाही, याचं उत्तर १९४४ सालात आहे. दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं, तेव्हा डिसेंबरात शिकागोमध्ये बावन्न देशांनी नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. त्यातलं बत्तिसावं कलम आम्हा वैमानिकांच्या नशिबाचं कलम. ते साधं आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने तरी वैमानिकाला लायसन्स दिलेलं हवं, नाहीतर दुसऱ्याने दिलेलं मान्य केलेलं हवं. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर 'व्हीटी' अशी अक्षरं असतात, अमिरातीच्या विमानावर 'ए-सिक्स', कतारच्या 'ए-सेव्हन'. पुढच्या वेळी विमानतळाच्या काचेतून बघा, दिसतील. माझं डीजीसीएचं लायसन्स म्हणजे थोडक्यात 'व्हीटी'वाल्या विमानांचं लायसन्स. अक्षरं बदलली की मी नुसता युनिफॉर्ममधला माणूस!

आता यातून दोन वाटा निघतात. पहिली व्हॅलिडेशनची. म्हणजे नवा देश म्हणतो, ठीक आहे, तुझं जुनं लायसन्स आम्ही तात्पुरतं मान्य करतो. पण ही उसनवारी. मूळ लायसन्सची मुदत संपली की ही मान्यताही संपली. दुसरी वाट कन्व्हर्जनची. त्यात नवा देश स्वतःच्या नावाचं लायसन्स देतो, पण त्याआधी तुम्हाला तपासून घेतो. कोण किती तपासतो, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आखातातल्या कंपन्या साधारणपणे अनुभवी, त्याच विमानावर तास असलेले पायलट घेतात, त्यामुळे तिथला मार्ग त्यातल्या त्यात आखूड. युरोपात जायचं तर एअरलाइन पायलटचे तेरा पेपर नव्याने द्यायचे, प्रत्येकात पंचाहत्तर टक्के मिळवायचे, तेही अठरा महिन्यांत. हजारो तास उडवलेला कॅप्टनही त्यातून सुटत नाही. अमेरिकेत परदेशी लायसन्सच्या आधारावर खासगी लायसन्स सहज मिळतं. हौसेने उडा, पगार मात्र घ्यायचा नाही. पगार हवा तर त्यांचा कोर्स, त्यांची परीक्षा, आणि मुळात तिथे काम करायची परवानगी.

हे फक्त आपल्यालाच भोगावं लागतं असं कुणी समजू नका. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२१ उजाडताच ब्रिटिश लायसन्स युरोपच्या विमानांना चालेनासं झालं. कित्येक गोऱ्या वैमानिकांनी त्याआधीच घाईघाईने आपलं लायसन्स आयर्लंड, ऑस्ट्रियासारख्या देशांत हलवून घेतलं. आणि आपली जी मुलं अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये दोनशे तास उडवून परततात, त्यांना इथे डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात. मी बारामतीच्या धावपट्टीवर शिकलो तेव्हा ते कष्ट मला चुकले होते. ते पुढे माझी वाट बघत उभे होते, इतकंच.

सुरुवात झाली राजीनाम्याने. दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडवरून एचआरशी भांडणाऱ्या वाचकांनी हे जरूर वाचावं. डीजीसीएच्या २०१७च्या नियमानुसार कॅप्टनला बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि को-पायलटला सहा. मी उजव्या सीटवरचा, म्हणजे को-पायलट. सहा महिने! ज्या कंपनीला सोडतोय, तिच्याच पोटात बसून रोज पहाटे तीनला उठायचं, प्रवाशांना हसून नमस्कार करायचा, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या देशाची तयारी करायची.

तयारी म्हणजे आधी कागद. नवा देश तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. तो थेट डीजीसीएला विचारतो, की या नावाच्या माणसाला हे लायसन्स तुम्हीच दिलंय का? उत्तर येईपर्यंत सगळं थांबतं. माझा खरा घोळ मात्र नावाचा होता. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रचना वेगळी, लायसन्सवर त्याहून वेगळी. आपल्याला यात काहीच वाटत नाही. पण परदेशातल्या कारकुनासाठी ही तीन वेगळी माणसं होती, आणि त्यातला एकच पायलट होता! मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर वकिलातीचा. वडील सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून माझी मूळ मार्कशीट घेऊन मुंबईला आले. कुरिअरने पाठवा म्हटलं तर म्हणाले, 'एकच आहे ती.'

तेव्हा चिडचिड व्हायची. पण हा संशय कुठून आला, तेही समजून घ्यावं लागतं. मे २०२०मध्ये कराचीत पाकिस्तानच्या सरकारी कंपनीचं विमान कोसळलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की देशातल्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांची लायसन्स संशयास्पद आहेत. झालं! व्हिएतनामने आपल्याकडचे पाकिस्तानी पायलट लगेच जमिनीवर बसवले. युरोपने त्या कंपनीला जी दारं बंद केली, ती उघडायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. रात्री जागून, प्रामाणिकपणे पास झालेलेही त्यात भरडले गेले. आपल्याकडेही २०११मध्ये खोट्या मार्कशीटवर लायसन्स मिळवलेल्या काही वैमानिकांना अटक झाली होती. लायसन्सवर नाव आपलं असतं, पण पत ते देणाऱ्या देशाची असते. ती पत कुणीतरी तिसराच घालवू शकतो. मी कितीही चांगलं लँडिंग केलं, तरी माझ्या हातात त्यातलं काही नाही.

मग इंग्रजी. मी मराठी माध्यमाचा. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड, म्हणजे भाषांची कमतरता नव्हती, पण त्यात इंग्रजी नव्हतं. वैमानिकांच्या इंग्रजीला सहा पायऱ्या असतात आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी लागते. हा नियम मार्च २००८पासून लागू झाला. त्यामागे जे अपघात आहेत त्यातला एक आपल्याच आकाशातला. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानी विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं, हे त्या चौकशीत पुढे आलेलं एक कारण. हे वाचल्यापासून मी उच्चारांची लाज धरणं सोडलं. तिथे कुणाला तुमचं इंग्रजी झकपक नको असतं. समोरच्याला एका दमात कळलं पाहिजे आणि कळलं नाही तर 'परत सांगा' म्हणायची हिंमत पाहिजे. सोलापूरकराला मोठ्याने 'काय?' विचारायला कसली आलीय लाज?

उरलेल्या परीक्षा तुलनेने सरळ. त्या देशाच्या हवाई कायद्याचा पेपर, त्यांच्या डॉक्टरांकडून पुन्हा पहिल्या वर्गाचं मेडिकल, आणि शेवटी सिम्युलेटर. चार तास एका बंद डब्यात तुमच्यावर एकेक संकट सोडतात. टेकऑफच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद. ते सावरलं की आग. ती विझवली की एकाच इंजिनावर लँडिंग, आणि जमीन जवळ आली की 'धावपट्टीवर गाडी आहे, परत वर जा'. माझ्याकडे तेव्हा तीन हजारांहून जास्त तास होते. तरी घाम फुटला. मागे बसलेला परीक्षक काहीच बोलत नाही, फक्त लिहितो. इतक्या वर्षांनी पुन्हा विद्यार्थी होणं ही काय चीज आहे, ते त्या पेनाच्या आवाजाने कळलं.

पण या सगळ्यात सर्वात जड गेली ती गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नव्हती. ती म्हणजे सीनियॉरिटी. तुम्ही कंपनी बदलता तेव्हा पदही वाढतं आणि पगारही. आमच्याकडे रांग असते. कंपनीत ज्या तारखेला आलात, तो तुमचा नंबर, आणि त्या नंबरावर डाव्या सीटवर बसायची, म्हणजे कॅप्टन व्हायची पाळी येते. माझी पाळी वर्षा-दीड वर्षावर आली होती. नव्या कंपनीत मी शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्याबरोबर रुजू झालेला एक पन्नाशीचा माणूस आधीच्या देशात कॅप्टन होता, आता माझ्यासारखाच उजवीकडे. जेवताना तो कधी याबद्दल बोलला नाही. मीही विचारलं नाही.

मग गेलो कशाला? पगार हे एक उत्तर आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. शिक्षणाचं कर्ज लाखांत होतं आणि तारण वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडचं. पण त्याहून मोठं कारण भीती. ऑक्टोबर २०१२मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९मध्ये जेट, मे २०२३मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक एका रात्रीत घरी बसले, आणि न उडणारा वैमानिक दर महिन्याला थोडा थोडा गंजतो. ठरावीक दिवसांत टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत, की कागदावरही तो उडायला लायक राहत नाही. दुसऱ्या देशाचं लायसन्स हातात असणं म्हणजे दुसरं दार असणं, असं मला वाटलं. आजही वाटतं. फक्त दोन दारं म्हणजे दोन कुलपं. दोन्ही लायसन्स जिवंत ठेवायची तर मेडिकल दोन, तपासण्या दोन, नूतनीकरणं दोन. उद्या परत यायचं ठरवलं, तर हीच गोष्ट उलट्या दिशेने.

वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजून घेतलं. 'आमच्याकडे मजुरी नगावर,' ते म्हणाले, 'आणि विणकर दुसऱ्या कारखान्यात गेला की मागे किती चादरी विणल्या, कुणी विचारत नाही. तुझे तास तरी विचारतात.' बरोबर होतं त्यांचं. लायसन्स देशाचं, सीनियॉरिटी कंपनीची, युनिफॉर्म तर परतच करावा लागतो. सरहद्द ओलांडून माझ्याबरोबर आलं ते लॉगबुक. बारामतीतल्या पहिल्या तासापासून प्रत्येक उड्डाणाची ओळ त्यात आहे, आणि नव्या देशाने बाकी सगळं पारखून घेतलं तरी ते तास माझ्याच नावावर जमा धरले. म्हणून जी मुलं आज ही वाट धरताहेत त्यांना एकच सांगणं. लॉगबुक रोजच्या रोज लिहा, आणि नावाचं स्पेलिंग दहावीपासूनच सांभाळा!

आता सोलापूरचं. आमच्या पिढीला विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी वस्तू. होटगी रोडचा विमानतळ होता, पण सिद्धेश्वर साखर कारखान्याची ब्याण्णव मीटरची चिमणी वाटेत आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. १५ जून २०२३ला ती पाडली. ज्यांचा ऊस तिथे जात होता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी परदेशात मोबाइलवर तो व्हिडिओ बघत होतो. मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही. जून २०२५मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. त्या वर्षी दिवाळीला मी मुंबईहून विमानाने घरी आलो. तासाभरात! खिडकीतून सिद्धेश्वराचं तळं दिसलं. शेजारच्या आजी पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. चाकं टेकल्यावर त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, 'चांगला चालवतो हो पोरगा.'

मी मान डोलावली. ते विमान 'व्हीटी'चं, जातही वेगळी. ते उडवायचं तर मला नव्याने शिकावं लागेल. तेव्हा सोलापुरात मी उतरलो तो प्रवासी म्हणून, आणि प्रवासी म्हणून बसलेल्या तासांची लॉगबुकात नोंद होत नाही.