गाडी त्यांची, नाव आपले

आखातातून परतणाऱ्या आपल्या मुलांकडे लोक दोन गोष्टी मागतात. एक उसने पैसे आणि दुसरे त्यांचे नाव. पैशाला नाही म्हणायला आपण हळूहळू शिकलो. नाव मात्र ‘त्यात आपले काय जाते?’ म्हणून सहज देऊन टाकतो.

माझा भाचा कळमनुरी तालुक्यातला. शारजात सात वर्षे गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तिकडे अमेरिकेतून जुन्या गाड्या कंटेनरने येतात, दुरुस्त होतात आणि पुढे विकल्या जातात. कायमचे परत यायचे ठरले तेव्हा एका एजंटाने त्याला गाठले. १९६८ ची एक फोर्ड मस्टँग होती. मुंबईकडच्या कुणा शेठला ती हवी होती. “गाडी तुझ्या नावावर आणू. सह्या तेवढ्या कर. काही महिन्यांनी शेठच्या नावावर होईल. तुला दोन लाख,” असे त्याने सांगितले.

घरी बहिणीचा निकाह ठरलेला. दोन लाख म्हणजे सगळा खर्च निघत होता. मी हिंगोलीत अर्ज लिहून देण्याचे काम करतो. आरटीओचे, तहसीलचे, पासपोर्टचे असे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. म्हणून त्याने मला फोन केला. “मामू, अशी गाडी आपल्याकडे एमएच ३८ च्या ऑफिसात पास होते का?”

होते. मी त्याला नियम वाचून सांगितले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी परदेशातून आणली असेल तर कस्टमचे ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावे लागते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. त्यात त्या काळच्या मस्टँगचे स्टिअरिंग डावीकडे. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार अशा गाडीला इशारा देणारे ठरावीक यंत्र लागते.

मग नियमातली एक ओळ मी त्याला दोनदा ऐकवली. गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, तिचे मूळ इंजिन निघून गेलेय. आत्ताचे इंजिन नव्या गाडीचे आहे. मीच बसवलेय.”

ज्याच्या हाताने इंजिन बदलले, त्याच हाताने ‘गाडी मूळ रूपात आहे’ अशी सही करायची होती. मी विचारले, “आणि बिल किती रकमेचे दाखवणार?” तर खऱ्या किमतीच्या निम्म्याहून कमी. त्यामागचे कारण सरळ आहे. परदेशी गाडीवरचे सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतात. बिलात जेवढी किंमत कमी, तेवढा कर वाचतो. वाचलेला पैसा शेठचा, आणि खोटे बोलणारी सही आपल्या पोराची.

परदेशातून परतणाऱ्या सामान्य कामगारांच्या नावावर महागड्या गाड्या आणल्याची प्रकरणे महसूल गुप्तचर संचालनालयाने यापूर्वी उघडकीस आणली आहेत. कस्टमच्या कागदावर ज्याचे नाव, त्यालाच आधी नोटीस येते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात चुकीची किंमत दाखवलेला माल जप्त होऊ शकतो, दंड होतो, आणि जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. फसवून बुडवलेल्या कराची नोटीस पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. तोपर्यंत एजंटाचा नंबरही लागत नाही.

पण मी त्याला भीती घालून थांबलो नाही. म्हणालो, “बेटा, कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदाराने बोलावले असता नकार देऊ नये, याबद्दल. आपली सही ही साक्षच असते.” खोटी साक्ष मोठ्या गुनाहांत मोजली जाते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती फक्त कोर्टात उभे राहून दिली जाते असे आपल्याला वाटते. आरटीओच्या खिडकीवरही ती दिली जाते.

त्याने एजंटाला नाही सांगितले. घरात नाराजी झाली. माझी बहीण पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. “चालून आलेले दोन लाख भावाने घालवले,” असे म्हणाली. तिचेही खरे होते, मुलीची आई होती ती. शेवटी सोयऱ्यांशी मोकळेपणाने बोललो. निकाह मशिदीत झाला, जेवणाची पंगत आटोपशीर ठेवली. एक लाख चुलत्यांकडून उसने घेतले. त्याचा कागद मीच लिहिला, रक्कम, मुदत आणि दोन साक्षीदारांसह. भाचा आता हिंगोलीत ट्रॅक्टर आणि जीपगाड्या दुरुस्त करतो. दर महिन्याला थोडे थोडे फेडतो. अजून फिटलेले नाहीत.

त्याच्या मनातून ती मस्टँग गेलेली नाही. मोबाइलमध्ये फोटो आहे, कधीकधी दाखवतो. हौस वाईट नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने खुशाल आणावी, पण स्वतःच्या नावावर, खऱ्या किमतीने, पूर्ण कर भरून.

आपल्या घरातले कुणी परदेशातून परतत असेल तर त्याला एवढे जरूर सांगा. पासपोर्ट, आधार, सही या आपल्याजवळच्या अमानती आहेत. कुणी म्हणाले, “फक्त नाव हवे,” तर विचारा, “मग तुमचे का नको?” अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या सह्या खऱ्या ठेवो. आमीन.